समजुतींची वही

वर्षभर स्वयंसेवक म्हणून राबून आलेल्या माणसाला विचारावं, या वर्षाने तुझ्यात काय बदललं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: सगळंच. म्हणजे नक्की काय, आधी काय वाटत होतं आणि आता काय वाटतं, असं पुढे विचारलं की तो अडखळतो. तो काही लपवत नसतो. आधी काय वाटत होतं, ते त्याच्यापाशी उरलेलंच नसतं.

१९७३ साली गोथल्स आणि रेकमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं होतं. शाळेतल्या मुलांची एका वादग्रस्त सामाजिक प्रश्नावरची मतं त्यांनी आधी लिहून घेतली. पुढे गटचर्चेत ती मतं फिरली. मग मुलांना विचारलं, तुमचं मूळ मत काय होतं? मत बदललेल्या मुलांनी नव्या मताशी जुळेल असंच काहीतरी जुनं मत म्हणून सांगितलं, आणि तेही मनापासून. एका चर्चेत एवढं होत असेल, तर बारा महिन्यांच्या सेवेत जुन्या समजुतीचा मागमूसही राहत नाही, यात नवल नाही. समजूत बदलते तेव्हा ती जाताना दार वाजवत नाही.

म्हणून या वर्षात स्वतःच्या श्रद्धा आणि समजुती तपासायच्या असतील, तर वही हवी, आणि ती निघण्याच्या आधी भरायला हवी. निघण्याच्या आधी म्हणजे संस्थेच्या प्रशिक्षणाच्याही आधी. प्रशिक्षणात काम शिकवतात, तसे कामाबरोबर शब्दही मिळतात: सक्षमीकरण, सहभाग, लाभार्थी. दोन दिवसांत ते शब्द इतके आपलेसे होतात की वहीत संस्थेचं माहितीपत्रक उतरतं आणि आपण बाजूला राहतो.

वही साधी, रेघांची. डाव्या पानावर एक समजूत, उजवं पान कोरं. समजुती बारा ते पंधरा असाव्यात. जास्त लिहिल्या तर पुढे उघडून बघितल्या जात नाहीत, आणि कमी लिहिल्या तर फक्त ठेवणीतल्या तेवढ्या बाहेर येतात. यासाठी दोन बैठका लागतात. पहिल्या बैठकीत जे उतरतं ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं असतं: सगळी माणसं सारखी, सेवेत आनंद आहे, प्रेमाने सगळं जिंकता येतं. यात खोटं काही नसतं. पण अशा वाक्याचं कशाशी अडत नाही, त्यामुळे ते तपासताही येत नाही. दोन दिवस जाऊ द्यावेत, पुन्हा बसावं आणि प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न लिहावा: हे चुकीचं असेल, तर मला कशावरून कळेल?

या प्रश्नापुढे वाक्यं बदलू लागतात. ‘सगळी माणसं सारखी’ याचं ‘मदत मागायला आलेल्या माणसाचं बोलणं मी माझ्या मित्राच्या बोलण्याइतकं खरं धरीन’ असं होतं. ‘शिक्षणाने आयुष्य बदलतं’ याचं ‘जी मुलं वर्गात येत नाहीत, त्यांच्या घरी शिक्षणाची किंमत नसते’ असं होतं, आणि लिहिणारा दचकतो, कारण आपल्या उदात्त वाक्याच्या पोटात हे वाक्य बसलेलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ‘सेवाभाव’ याचं ‘चिडचिड करणारा कार्यकर्ता मनातून सेवाभावी नसतो’ असं होतं. अशी वाक्यं निघू लागली की वही कामाची होते.

प्रत्येक समजुतीपुढे तारीख आणि दहापैकी एक आकडा लिहायचा: यावर माझा किती भरवसा आहे? हा आकडा अनेकांना उगाचचा वाटतो. पण समजुती क्वचितच एका रात्रीत उलटतात. त्या ९ वरून ६ वर येतात, आणि आकडा नसेल तर ही घसरण दिसतच नाही. मग वर्षअखेरीला एक तर ‘माझं तेच मत आहे’ किंवा ‘माझं मत पार बदललं’ एवढं दोनच प्रकारे बोलता येतं.

समजुती कशाकशाबद्दलच्या असाव्यात? ज्यांच्यासाठी काम करायचं त्या माणसांबद्दल, सोबत काम करणाऱ्यांबद्दल, त्या कामाच्या उपयोगाबद्दल, देव-धर्म किंवा आपण मानतो त्या विचारसरणीबद्दल, आणि स्वतःबद्दल. स्वतःबद्दलच्या सगळ्यांत अवघड. निदान तीन समजुती तरी अशा असाव्यात की ज्या कोणाला दाखवायला लाज वाटेल. त्या नसतील तर वही अर्धवट आहे असं खुशाल समजावं. माणसाकडून रोजच्या घाईत जे घडतं, ते याच न दाखवण्याजोग्या समजुतींच्या जोरावर. वही त्यामुळे कुलपात ठेवावी, आणि गटात वाचून दाखवायची नाही हे आधीच ठरवावं. वाचून दाखवायची आहे हे माहीत असलं की हात आपोआप चांगलं लिहू लागतो.

पहिले तीन महिने डावी पानं उघडायची नाहीत. उजवी पानं भरण्यासाठी वेगळी, खिशात मावेल अशी छोटी वही ठेवायची आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चाळीस मिनिटं बसायचं. रोजची डायरी हे काम करत नाही. रोज लिहिणारा तिसऱ्या आठवड्यापर्यंत दमतो किंवा दिवसाचा गोषवारा लिहू लागतो. आठवड्याच्या नोंदीत तीनच गोष्टी असाव्यात: काय घडलं, त्या क्षणी मनात काय आलं, आणि ते कोणत्या समजुतीच्या विरुद्ध जातं. ‘विरुद्ध’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जुळणाऱ्या गोष्टी लिहायची गरज नसते, त्या आपोआप लक्षात राहतात. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात आपला एक सुवर्णनियम सांगितला आहे: आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती, निरीक्षण किंवा विचार समोर आला की तो लगेच, न चुकता टिपून ठेवायचा, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी फार लवकर विसरल्या जातात, हा त्याचा अनुभव होता. सेवेच्या वर्षात हा नियम शब्दशः लागू पडतो. ज्याला ‘हे लोक कृतघ्न आहेत’ असं वाटू लागलं आहे, त्याला कुणीतरी दाराशी आणून ठेवलेला पाण्याचा तांब्या शुक्रवारपर्यंतही आठवत नाही.

‘काय घडलं’ हे लिहिताना विशेषणं गाळावीत, क्रियापदं ठेवावीत. ‘तो उद्धटपणे वागला’ ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. ‘त्याने फॉर्म टेबलावर टाकला, माझ्याकडे न बघता खुर्ची ओढली आणि “अजून किती वेळ” असं विचारलं’ ही नोंद. महिन्याने वाचताना या दुसऱ्या वाक्यात दुसरा अर्थ सापडू शकतो; पहिल्यात सापडायला काही ठेवलेलंच नसतं.

समासात आणखी एक गोष्ट लिहावी: त्या आठवड्यात झोप किती मिळाली. हे किरकोळ वाटतं, पण माझ्या मते संबंध वहीत याहून उपयोगी आकडा नाही. थकवा आणि मतपरिवर्तन आतून अगदी सारखेच वाटतात. ‘माणसं मुळात स्वार्थी असतात’ हा साक्षात्कार चार रात्री पाच-पाच तास झोपलेल्या माणसाला हमखास होतो, आणि दोन दिवस पुरेशी झोप मिळाली की तो विरतो. म्हणून कमी झोपेच्या आठवड्यात कोणतीही समजूत खोडायची नाही, नवी ठरवायची नाही, फक्त घडलेलं टिपायचं, एवढा नियम पाळला तरी वहीतला निम्मा कचरा टळतो.

आता एक काम जवळून पाहू. वृद्धांच्या किंवा आजाऱ्यांच्या सेवेत नव्या स्वयंसेवकाकडे बहुधा पहिल्याच आठवड्यात येतं ते भरवण्याचं काम. ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, त्यांना भरवायचं. माणसाला नीट सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. आपण उभं राहायचं नाही, समोर किंवा जरा बाजूला, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभ्याने भरवलं की तो मान वर करतो आणि मान वर केली की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. छोटा चमचा, तोही काठोकाठ भरायचा नाही. चमचा तोंडाशी नेऊन थांबायचं, ओठ उघडू द्यायचे. घास दिल्यावर गळ्याकडे बघायचं: कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे गिळलं. तोंडात घास असताना प्रश्न विचारायचा नाही. खोकला आला, आवाज ओलसर घरघरता झाला की थांबायचं आणि परिचारिकेला सांगायचं. जेवण झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही, अर्धा तास तरी बसवून ठेवायचं. एका माणसाला असं भरवायला सहज अर्धा ते पाऊण तास जातो.

आणि वॉर्डात भरवायची माणसं असतात सहा.

‘मी शांत स्वभावाचा आहे, भरवसा ८’ ही समजूत इथे दुसऱ्या माणसापर्यंत टिकते. तिसऱ्याच्या वेळी चमचा जरा जास्त भरलेला असतो. चौथ्याच्या वेळी गळ्याकडे बघणं सुटतं, कारण डोळे पुढच्या ताटाकडे गेलेले असतात. पाचवा माणूस तोंड उघडत नाही तेव्हा मनात एक वाक्य येतं: याला खायचंच नाहीये. हे वाक्य टिपायलाच ती छोटी वही. त्या माणसाला खायचं नव्हतं की चमचा फार लवकर आला होता, हे त्या क्षणी सांगता येत नाही. पण सहा आठवड्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या आणि ‘खायचंच नाहीये’ हे वाक्य कायम पाचव्या-सहाव्या माणसाच्या वाट्याला आलेलं दिसलं, तर प्रश्न त्या माणसांचा उरत नाही. रांगेतल्या जागेचा होतो.

घाईचं हे बळ अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी मोजलं आणि १९७३ साली मांडलं. पाद्री होण्यासाठी शिकणारे चाळीस विद्यार्थी एकेकटे एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला निघाले. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, मध्यम घाईत असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि ‘उशीर झालाय’ असं सांगून पिटाळलेल्यांपैकी १० टक्के. चाळिसांतल्या निम्म्यांना भाषणही वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बायबलमधल्या कथेवरच द्यायचं होतं. त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याचा अर्थ श्रद्धा खोटी असते असा लावणं मला पटत नाही. श्रद्धेला वेळ लागतो, असा लावावा. म्हणून ‘मी दयाळू आहे का’ या प्रश्नाआधी वहीत ‘मला आज किती माणसांसाठी किती मिनिटं दिली होती’ याचं उत्तर हवं. ते उत्तर असलं की पुष्कळदा अपराधीपणाची जागा एक साधी मागणी घेते: जेवणाच्या वेळेला आणखी एक माणूस हवा.

तीन महिन्यांच्या आसपास आणखी एक बदल होतो, आणि हा सगळ्यांत घातक, कारण तो समंजसपणासारखा दिसतो. सुरुवातीची कळकळ ओसरते आणि तिच्या जागी एक शहाणपण येतं: यांचंच चुकतं. वाटपाचं टेबल डोळ्यासमोर आणा. आणलेले संच साठ, रांगेत माणसं पंचाहत्तर. पन्नासाव्या माणसापर्यंत टेबलामागचा स्वयंसेवक हसून बोलतो. साठावा संच गेला की समोर पंधरा माणसं उरतात आणि टेबल रिकामं. त्यातला एक वाद घालतो, एक रडतो, एक नुसता उभा राहतो. संध्याकाळी मनात जे वाक्य तयार होतं ते असं: वेळेवर आले असते तर मिळालं असतं.

मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला. १९६६ साली त्यांनी आणि कॅरोलिन सिमन्स यांनी केलेल्या प्रयोगात, दुसऱ्या व्यक्तीला विजेचे झटके बसताहेत असं बघणाऱ्यांना भासवलं होतं. त्रास चालूच राहणार आणि आपण थांबवू शकत नाही असं ज्यांना वाटलं, त्यांनी त्या सोसणाऱ्या व्यक्तीलाच कमी लेखलं. जग न्यायी आहे ही समजूत सोडवत नाही, म्हणून सोसणाऱ्यातच खोट काढली जाते. टेबलामागेही हेच घडतं. पंधरा माणसांना रिकाम्या हाताने परत पाठवणं असह्य असतं, आणि ती आळशी होती असं मानलं की ते सहन होतं.

याला उपाय जास्त प्रेमळ व्हायचा निश्चय करणं, असं बहुतेकांना वाटतं. निश्चय दोन आठवडे टिकतो. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे पुढच्या वाटपाच्या दिवशी शेवटच्या पंधरा जणांना, आरोपाचा सूर येऊ न देता, विचारणं: निरोप कधी मिळाला? कुठून आलात? निघायला काय अडलं? उत्तरं साधी असतात. निरोप आदल्या रात्री उशिरा मिळाला, चालत यायला दोन तास लागतात, तान्ह्या मुलाला ठेवायला घरी कोणी नव्हतं. ही उत्तरं वहीत गेली की ‘आळशी’ या शब्दापुढचा आकडा उतरतो आणि वाटपाची पद्धतही बदलता येते: आदल्या दिवशी नावं आणि संख्या घेणं, लांबच्यांचे संच आधीच बाजूला काढून ठेवणं, संख्या कमी पडणार असेल तर ते रांगेच्या सुरुवातीलाच सांगणं. आणि एखादा खरंच झोपून राहिला म्हणून उशिरा आलेला असतो, तेही लिहावं. वही कुणाची बाजू घ्यायला नसते.

ही खोट काढण्याची सवय आधी भाषेत दिसते. ‘त्या आजी’, ‘तो मुलगा’ जाऊन ‘ही माणसं’, ‘यांना’, ‘यांच्यात’ सुरू होतं. मोजायला हे सोपं आहे. सोळाव्या शतकात ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची एक पद्धत घालून दिली: एका वेळी एकच दोष धरायचा, आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखायच्या, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे, आणि मग दिवस दिवसाशी, आठवडा आठवड्याशी ताडून पाहायचा. पुढे बेंजामिन फ्रँकलिननेही तेरा सद्गुणांचा असाच ठिपक्यांचा तक्ता केला होता, आठवड्याला एक गुण, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. ठिपक्यांचा मोठा गुण असा की त्यांना स्वतःचं समर्थन करता येत नाही. ‘ही माणसं’ हा शब्दप्रयोग आज किती वेळा तोंडातून निघाला, एवढाच ठिपका. चार आठवडे. ठिपके कोणत्या दिवशी दाटतात ते पाहिलं की कारण बहुतेक तिथेच सापडतं.

माणसांशी जवळीक वाढली की पूर्वग्रह आपोआप गळतात, ही आणखी एक समजूत बहुतेक वह्यांत डाव्या पानावर असते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगितलं होतं की नुसत्या संपर्काने भागत नाही. संपर्कात दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. सेवेत नेमकी पहिलीच अट मोडते. एक देतो, दुसरा घेतो. एकाकडे यादी असते, दुसऱ्याचं यादीत नाव असतं. अशा संपर्कात वर्ष काढलं तर पूर्वग्रह कमी होण्याऐवजी त्याला अनुभवाचा शिक्का मिळतो: मी बारा महिने यांच्यात राहिलोय, मला माहीत आहे. म्हणून आठवड्यातून निदान दोन तास असं एखादं काम शोधावं ज्यात शिकवणारे ते आणि चुकणारे आपण. त्यांची भाषा, शेत, शिवण, मासेमारी, काहीही. आपण गाठ चुकीची मारतो, कुणीतरी हसत ती सोडवून पुन्हा दाखवतं, आणि तेवढ्या वेळापुरती यादी बाजूला पडते. या दोन तासांतल्या नोंदी वहीत वेगळ्या शाईने लिहिल्या तर फरक लगेच कळतो. त्यांत ‘यांना’ हा शब्द जवळजवळ येत नाही.

बरोबरीने खपण्याची कल्पना स्वयंसेवेच्या मुळाशीच आहे. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने १९२० साली फ्रान्समध्ये, व्हर्दंजवळच्या एन या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात पहिलं आंतरराष्ट्रीय सेवाशिबिर भरवलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतले तरुण तिथे एकत्र मलबा उपसत होते. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्येही आले आणि सहकाऱ्यांसह गावं पुन्हा उभी करायच्या कामात उतरले. तिथे मतं जुळायची वाट पाहत कुणी बसलं नव्हतं, फावडी हातात होती.

नवव्या-दहाव्या महिन्यात समजुतींवर उलट्या बाजूने दाब येतो. आता तक्रार ओसरलेली असते आणि सगळं सार्थकी लागलं असं वाटायला लागतं. १९५९ साली ॲरन्सन आणि मिल्स यांनी दाखवलं की एखाद्या गटात शिरण्यासाठी ज्यांना जास्त त्रास काढावा लागला, त्यांना त्या गटाची मुद्दाम रटाळ ठेवलेली चर्चाही जास्त रंजक वाटली. एवढं सोसलं ते फुकट गेलं असं म्हणायला मन तयार होत नाही. म्हणून ‘माझ्या कामाचा उपयोग झाला’ ही समजूत शेवटच्या तिमाहीत ९ वर चढली, तर आनंद जरूर मानावा, पण तो आकडा पुराव्यात धरू नये.

पुरावा हवा तर प्रश्न दुसऱ्या कुणाकडून विचारून घ्यावा लागतो. आपण स्वतः विचारलं की लोक चांगलंच सांगतात. जाणाऱ्या पाहुण्याला कोण दुखावेल? ज्याला आपल्या वर्षाचं काही देणंघेणं नाही अशा कुणाला तरी तीन प्रश्न देऊन पाठवावं: हा माणूस नसता तर काय अडलं असतं? त्याच्यामुळे कोणाचं काम वाढलं? तो गेल्यावर काय बंद पडेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की उरलेले दोन महिने कशात घालवायचे ते कळतं: काम कुणाच्या तरी हाती सोपवण्यात. २० एप्रिल १९६८ रोजी विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. हा कडवटपणा मला पूर्ण मान्य नाही. वॉर्डातल्या सहाव्या माणसाला भरवणारं कोणीतरी लागतंच. पण जिथली भाषाही येत नाही तिथे आपल्यामुळे काय झालं हे आपल्याला कळणारही नाही, हा त्यांचा मुद्दा खोडता येत नाही, आणि म्हणून तो पहिल्याच महिन्यात वाचावा.

सगळं एकट्याने होत नाही. जर्मनीत स्वैच्छिक सामाजिक वर्षाचा कायदा १९६४ साली झाला. तिथे बारा महिन्यांच्या सेवेत २५ दिवस कामाबाहेरच्या शिबिरांसाठी राखलेले असतात. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी किमान पाच-पाच दिवसांची शिबिरं त्यात येतात. ही सोय जिथे नाही तिथे चार-पाच जणांनी ती स्वतः करावी. बैठकीची पद्धत मात्र नीट ठरवावी, नाहीतर दोन गोष्टींपैकी एक नक्की होते: कोणी जास्त सोसलं याची चढाओढ, किंवा सल्ल्यांचा पाऊस. क्वेकर या ख्रिस्ती पंथातली एक रीत इथे फार उपयोगी पडते. ज्याचा पेच आहे तो मधे बसतो, बाकीचे पाच-सहा जण दोन-तीन तास त्याला फक्त प्रश्न विचारतात. सल्ला नाही, ‘माझंही असंच झालं होतं’ नाही, आणि ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे असा प्रश्नही नाही. ‘तू रजा का घेत नाहीस?’ हा प्रश्नाचा वेष घेतलेला सल्ला झाला. ‘हे वाक्य पहिल्यांदा मनात कधी आलं?’ हा प्रश्न. उत्तरानंतरची शांतता भरून काढायची घाई करायची नाही. संस्थेतला वरिष्ठ त्या खोलीत नसावा. तो कितीही भला असला तरी त्याच्यासमोर माणूस हिशेबाने बोलतो. बाहेर पडल्यावर तो विषय कोणी काढायचा नाही, ज्याचा पेच होता त्याच्यापाशीही नाही.

देवावरच्या किंवा विचारसरणीवरच्या श्रद्धेचा प्रश्न याच बैठकीत हमखास निघतो, आणि तिथे थोडं थांबायला हवं. ‘माझी श्रद्धा उडाली’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात: जे मानत होतो ते आता खरं वाटत नाही; ज्या माणसावर किंवा संस्थेवर विश्वास होता तो गेला; किंवा रोजची प्रार्थना, वाचन, भजन, जे काही होतं ते सुटलं. बहुतेक वेळा घडलेली असते दुसरी किंवा तिसरी गोष्ट आणि दोष दिला जातो पहिलीला. देणगीदार आल्यावरच स्वच्छ होणारा वॉर्ड बघून देवावरचा विश्वास डळमळतो, तेव्हा डळमळलेलं दुसरंच काही असतं. वहीत तिन्हींना वेगवेगळी पानं द्यावीत, वेगवेगळे आकडे. आणि उलटही होतं: सामूहिक प्रार्थनेची सवय लागते, बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं म्हणजेच श्रद्धा असं धरलं जातं. सोबतची माणसं पांगल्यावर ती किती उरते, हे वर्ष संपल्याशिवाय कळत नाही. सेवा चालू असताना या पानांवर शेवटचा शब्द लिहू नये. कोणी जाहीर करायचा आग्रह धरला तर नम्रपणे नाही म्हणावं.

डावी पानं तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यात उघडायची, आणि शेवटची एकदा परतल्यावर तीन महिन्यांनी. परतल्याच्या आठवड्यात उघडू नये, तेव्हा निरोपाचे हार ताजे असतात. प्रत्येक वेळी जुना आकडा झाकून आधी आजचा लिहायचा, मग हात काढायचा. जुनं वाक्य दुरुस्त करायचा मोह फार होतो. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ असं वाटतं. तसंच म्हणायचं होतं. ते तसंच ठेवून खाली नवं वाक्य, नवी तारीख.

काही उजवी पानं वर्षभरानंतरही कोरी निघतात. तिथे समजुतीविरुद्ध काहीच घडलं नाही असं धरण्याआधी छोट्या वहीचे सगळे आठवडे त्या एका समजुतीसाठी पुन्हा वाचून काढावेत. त्यासाठी दोन संध्याकाळी लागतात. त्यात एखादी नोंद सापडते, सातव्या महिन्यातली, दोन ओळींची, जिच्यापुढे तेव्हा कोणत्याच समजुतीचा क्रमांक टाकला गेला नव्हता.